पाटलाच्या गोठ्यातून ठेकेदाराच्या भट्टीत

मागच्या वर्षी गावी गेलो होतो. अकोले तालुक्यातलेच आमचे गाव. एका कार्यक्रमात एक पुढारी माईकवरून सांगत होते, "आपली तरुण पोरं शेती सोडून कारखान्यात राबायला जातात, हे आपलं दुर्दैव आहे. गावाकडे या, गाई सांभाळा, मातीत सोनं आहे." टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आपल्या वस्तीतले चार तरुण होते. त्यातले दोघे पदवीधर. म्हणून हा लेख लिहावा लागतो आहे.

मित्रांनो, मातीत सोने आहे हे मी नाकारत नाही. माती कोणाची, एवढाच माझा प्रश्न आहे.

माझे वडील बावीस वर्षे सालगडी होते. सालगडी म्हणजे काय हे शहरात वाढलेल्या आपल्या पोरांना कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगतो. गुढीपाडव्याला साल ठरायचे. वर्षभराची मजुरी एका आकड्यात आणि थोडे धान्य. त्यातली निम्मी रक्कम उचल म्हणून आधीच बहिणीच्या लग्नात नाहीतर आजाच्या दवाखान्यात गेलेली असायची. म्हणजे पाडवा उजाडायच्या आतच पुढचे वर्ष विकलेले. पहाटे चारला उठून शेण काढायचे, वैरण टाकायची, दिवसभर औत हाकायचे, रात्री वीज आली की बॅटरी घेऊन दारे धरायला जायचे. कामाचे तास किती, हा प्रश्नच नव्हता. सालगड्याचा दिवस मालकाला झोप लागली की संपतो.

मी चौथीत असल्यापासून शाळा सुटली की त्याच गोठ्यात जायचो. सुट्टीत गुरे डोंगराला न्यायचो. त्या गोठ्यात एक नियम होता. तो कोणी भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. शेण काढायला आमचा हात चालायचा, धार काढायला चालायचा नाही. म्हशीला चारायचे आम्ही, धुवायचे आम्ही, ती आजारी पडली तर रात्रभर तिच्याजवळ बसायचे आम्ही. चरवी घेऊन यायचे मात्र पाटलाच्या घरातले कोणीतरी. एकदा दुधाच्या बादलीला माझा धक्का लागला, तेव्हा वडिलांनीच मला मारले. पाटलाने मारण्याआधी आपण मारलेले बरे, असा त्यांचा हिशेब होता.

शेणाला हात चालतो, दुधाला चालत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे कारखान्यात ते पुन्हा भेटणार आहे.

आता "गावाकडे चला" म्हणणाऱ्यांना विचारू या, गावात आमच्या वाट्याला काय ठेवले आहे? आमच्या आजोबा-पणजोबांना हाडवळ्याची जमीन होती. ती दान नव्हती. येसकर पाळी, सांगावे पोहोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, सरकारी कामाला रात्री-बेरात्री हजर होणे, या सगळ्याच्या मोबदल्यात तो तुकडा होता. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला मेलेली जनावरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका असे बजावले आणि 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, कारण वतन हे तुकड्याच्या आमिषाने बांधलेले दावे आहे हे त्यांनी ओळखले होते. 1939 च्या डिसेंबरमध्ये आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला, महार-मांग वतनदारांच्या परिषदेत ते याच प्रश्नावर बोलले. वतने खालसा करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले. तो पाहायला बाबासाहेब नव्हते.

आणि त्याच हरेगावात 2023 च्या ऑगस्टमध्ये काय झाले? शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून आपल्या पोरांना झाडाला उलटे टांगून मारले. याच जिल्ह्यातले 2013 चे सोनई आणि 2014 चे खर्डा आपण विसरलेलो नाही. ज्या व्यासपीठांवरून "गावाकडे या" असे आवतण येते, त्या व्यासपीठांवर या तीन गावांची नावे मी अजून ऐकलेली नाहीत.

पाण्याचेही तसेच. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पूर्ण झाले. डोंगर आमचा, पाऊस आमच्या डोक्यावर, जमिनी बुडाल्या त्या इथल्या महादेव कोळी, ठाकर आणि इतर गोरगरिबांच्या. ऊस पिकला तो प्रवरेच्या कालव्यांखाली, खालच्या तालुक्यांत. म्हणजे ज्याच्याकडे जमीन नाही त्याने दुसऱ्याच्या जमिनीवर राबावे आणि ज्याच्या उशाला धरण आहे त्याने उन्हाळ्यात हंडा घेऊन फिरावे, याला ही मंडळी मातीतले सोने म्हणतात.

जमिनीची मागणी आपण सोडलेली नाही आणि सोडूही नये. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 साली आणि पुन्हा 1964-65 साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यात आपल्या आई-आज्या लेकरे काखेत घेऊन तुरुंगात गेल्या. पण जमीन न देता "शेतीकडे परत या" म्हणणे म्हणजे "सालगडी म्हणून परत या" म्हणणे आहे. मजूर स्वस्त राहावा, एवढाच त्या आवाहनाचा अर्थ आहे.

बाबासाहेबांचे म्हणणे याच्या नेमके उलट होते. 1918 साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. त्या काळी सगळे विद्वान म्हणत होते की तुकडे जोडा म्हणजे शेती सुधारेल. बाबासाहेबांनी दाखवून दिले की आजार तुकड्यांत नाही. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे लटकलेली आहेत आणि त्यांच्या हाताला दुसरे काम नाही, हा आजार आहे. त्यावर त्यांनी सांगितलेला उपाय म्हणजे औद्योगिकीकरण. जास्तीची माणसे शेतीतून उत्पादक उद्योगात गेली तर त्यांचेही भले होईल आणि मागे राहिलेल्या शेतीचेही. तेव्हा त्यांचे वय 27 होते. आज 21 व्या शतकात आपली पोरे त्याच्या उलटे सांगणाऱ्यांना टाळ्या देतात, याचे मला दुःख आहे.

म्हणून मी स्पष्ट लिहितो. गोठा सोडून पोलादाच्या कारखान्यात जाणे ही प्रगती आहे. मी स्वतः गेलो. 2004 साली, बारावी नापास होऊन, एका नातेवाइकाच्या ओळखीने जालन्याला. आमच्याकडची पोरे बहुतेक सिन्नर नाहीतर चाकण गाठतात. मी लोखंडात गेलो तो योगायोगाने.

जालना बियाण्यांसाठी प्रसिद्ध आहे तसे सळईसाठीही. तिथल्या कारखान्यात भंगार आणि स्पंज आयर्न विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवतात. भट्टीतला रस 1600 अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. नमुना काढून प्रयोगशाळेत कार्बन, गंधक, फॉस्फरस किती ते तपासतात. मग रस लॅडलमध्ये ओतून साच्यांतून बिलेट काढतात. ते लालभडक बिलेट रोलिंग मिलच्या रोलांमधून दाबत दाबत सळईच्या मापाला आणायचे आणि शेवटी पाण्याच्या जोरदार माऱ्याने वरचा थर एकदम थंड करायचा. वरून कडक आणि आतून लवचीक अशी जी टीएमटी सळई तुमच्या घराच्या स्लॅबमध्ये आहे, ती अशी तयार होते.

पहिल्या महिन्याचा पगार हातात पडला त्या दिवसाची गोष्ट सांगतो. रक्कम फार नव्हती. पण ती एका महिन्याच्या कामाची होती, आणि काम झाल्यावर मिळाली होती. त्यातून कोणाची उचल कापली गेली नव्हती. मी वडिलांना फोन केला, शेजारच्या किराणा दुकानात. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पाडव्याला पाटलाकडं जात न्हाई मी आता." पुढच्या पाडव्याला त्यांचे साल ठरले नाही. आमच्या घराण्यात असे पहिल्यांदा झाले. जो कोणी म्हणेल की कारखान्यात गेल्याने काही फरक पडत नाही, त्याला मी हा पाडवा दाखवतो.

पण लेख इथेच थांबवला तर मी खोटारडा ठरेन.

कारखान्याच्या गेटच्या आत मी ठेकेदाराचा माणूस होतो. कंपनीचा नव्हतो. हजेरी ठेकेदाराच्या मस्टरवर, पगार ठेकेदाराच्या हातून, सुट्टी ठेकेदाराच्या मर्जीवर. ड्यूटी बारा तासांची. भंगार निवडणे, भट्टीत माल टाकणे, तोंडाशी उभे राहून मळी काढणे, रोलमधून सटकलेली लाल सळई सांडशीने ओढणे ही कामे आमची. आमची म्हणजे कोणाची? बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले मजूर, मराठवाड्यातले आपले बौद्ध आणि मातंग भाऊ, डोंगरातले आदिवासी. काचेमागे पॅनलवर बसून भट्टीची वीज कमी-जास्त करणारा, प्रयोगशाळेत नमुना तपासणारा, मेल्टर, फोरमन हे कंपनीच्या पटावरचे. मी ज्या शिफ्टमध्ये सात वर्षे काढली तिथे त्या खुर्च्यांवर आपल्यातला एकही माणूस मी पाहिला नाही. जातीची पाटी कुठेही नव्हती. मी तीनदा पॅनल शिकायची इच्छा सांगितली. तिन्ही वेळा उत्तर मिळाले, "तुझं तिकडं काय काम?"

शेणाला हात चालतो, दुधाला चालत नाही. तोच गोठा, फक्त छपराला पत्रा.

हे नवीन नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. कांडीतला धागा तोंडाने ओढावा लागतो, तो बाटेल म्हणून. आणि विणकाम खात्यातच पगार जास्त होता! 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे बाबासाहेब तिथे म्हणाले, ते आपल्या प्रत्येक बॅनरवर असते. पण त्याच भाषणातली दुसरी गोष्ट आपण वाचत नाही. आपला माणूस रेल्वेत जन्मभर गँगमन राहतो, त्याला बढती नाही, त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी काम करावे लागते आणि तिथे विटाळ होतो, हे त्यांनी उदाहरणासह मांडले होते. म्हणजे उद्योगात नुसते शिरून भागत नाही, आत आपल्याला कोणत्या जागेवर उभे करतात हे पाहावे लागते, हा मनमाडचा खरा धडा आहे. 1938 चा गँगमन आणि आजचा भट्टीवरचा ठेक्याचा हेल्पर यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

आणि त्या जागेची किंमत जिवाने मोजावी लागते. भंगारात एखादा बंद सिलिंडर, सीलबंद डबा किंवा पावसात भिजलेला माल राहिला आणि तो वितळलेल्या रसात गेला, तर पाण्याची क्षणात वाफ होते. वाफ होताना पाण्याचे आकारमान हजार पटींहून अधिक वाढते. त्या वाफेला वाट नसते, ती रस उडवत बाहेर येते. 2024 च्या ऑगस्टमध्ये जालन्यातल्या एका पोलाद कारखान्यात भट्टीचा स्फोट झाला आणि बरेच कामगार होरपळले, ती बातमी तुम्ही वाचली असेल. माझ्यासमोरही एक झाला होता, छोटा. पेपरात आला नाही. माझ्याशेजारी उभा असलेल्या पोराचा हात आणि अर्धी छाती भाजली. त्याला दवाखान्यात नेले, आणि दोन दिवसांनी ठेकेदाराने मस्टर दाखवले. त्यात त्या दिवशी त्या पोराचे नावच नव्हते. तो कामावर आलाच नव्हता! पाच महिने राबलेल्या माणसाचा ईएसआय नंबर काढलेला नव्हता. काही हजार रुपये देऊन त्याला गावी जाणाऱ्या गाडीत बसवले. आम्ही अकरा जण शिफ्टवर होतो. अकराही जण गप्प बसलो. त्यात मी होतो. या लेखात मला सगळ्यात जड गेलेले वाक्य हेच आहे.

आता सरकारचे पाहा. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. कारखान्यातल्या कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी 1946 ची दुरुस्ती त्या काळातली आहे. 2025 च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर नेण्याला मान्यता दिली. सांगतात की कामगाराची लेखी संमती घेतली जाईल. ज्याचे नाव मस्टरवर राहील की नाही हे ठेकेदार ठरवतो, त्याची संमती! माझ्या वडिलांनीही दर पाडव्याला संमतीच दिली होती.

इथे आपल्यातले काही जण म्हणतील, "मग तूच सांगतोस की तिथेही गुलामीच आहे. त्यापेक्षा आमची पोरे एमपीएससी करतात ते बरे." हा आक्षेप आपल्याच घरातला आहे, म्हणून त्याला सरळ उत्तर देतो.

पहिली गोष्ट, गोठा आणि कारखाना सारखे नाहीत. गोठ्यात सालगडी एकटा असतो. त्याच्या कामाची कुठेही नोंद नसते, त्याच्यासाठी निरीक्षक येत नाही, त्याने आवाज केला तर वस्तीचे पाणी बंद होते. कारखान्यात शेकडो माणसे एका गेटमधून आत जातात. तिथे मस्टर आहे, पीएफ आहे, ईएसआय आहे, जादा कामाला दुप्पट दराचा कायदा आहे, ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मुख्य मालकावर येणारी जबाबदारी आहे. हे सगळे पाळले जात नाही, हे मी वर लिहिलेच आहे. पण कायदा मोडला असे म्हणायला आधी कायदा असावा लागतो. गोठ्यात तोही नाही.

दुसरी गोष्ट, स्पर्धा परीक्षा जरूर द्या. पण पुण्यात नाहीतर नगरला खोली घेऊन बाप-आईच्या मजुरीवर आठ-आठ वर्षे काढायची, जागा निघतात किती ते पाहायचे नाही, आणि हात काळे होणाऱ्या कामाला नाक मुरडायचे, ही कुठली बाबासाहेबांची शिकवण? अंगमेहनतीचे काम हलके आणि लेखणीचे काम वरचे, ही उतरंड मनूची आहे. ती आपल्या डोक्यात राहून चालणार नाही. आपला एक पोरगा तहसीलदार होतो तेव्हा आपण मिरवणूक काढतो. काढावीच. पण आपला एखादा पोरगा भट्टीचा मेल्टर होतो, तेव्हा त्याच्या गळ्यात हार कोणी घालत नाही. दहावी-बारावीनंतर शिक्षण सुटलेली शंभर पोरे हेल्पर म्हणून ठेकेदाराच्या गाडीत बसतात, तेव्हा तर आपल्याला पत्ताही नसतो.

माझा मुद्दा एवढाच आहे. आपण कारखान्यात जाणारच आहोत, पोट नेणारच आहे. हात हलवत जाऊ नका, हुन्नर घेऊन जा, आणि एकटे जाऊ नका.

हुन्नर म्हणजे काय? तालुक्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर हे कोर्स असतात आणि तिथे आपल्याला आरक्षण आहे. पोलाद कारखाना या माणसांवर चालतो. पुढची गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे, आणि तो कायदा खासगी कारखान्यांनाही लागू आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण हवे अशी घोषणा आपण वर्षानुवर्षे देतो, द्यायलाच हवी. पण जे कायद्याने आजच मिळाले आहे, ते मागायला आपल्या किती संघटना कारखान्याच्या गेटवर गेल्या? भिलाई, राउरकेला, बोकारो हे सरकारी पोलाद कारखाने आहेत, तिथल्या भरतीला आरक्षण लागू आहे. त्या जाहिराती आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येत नाहीत, जयंतीच्या डीजेची वर्गणी मात्र येते. गडचिरोलीला पोलादाचे केंद्र करण्याच्या घोषणा रोज होत आहेत. तिथेही खाणीत आणि भट्टीवर आदिवासी, आणि पॅनलवर बाहेरचा, हेच होणार असेल तर आजच बोलावे लागेल.

एकटे जाऊ नका म्हणजे काय? गावातून कामाला निघालेल्या प्रत्येकाची विहारात एका वहीत नोंद ठेवा. कारखाना कोणता, ठेकेदार कोण, कामाला लागल्याची तारीख, यूएएन नंबर, ईएसआय नंबर. नंबर मिळाला नाही तर पहिल्या महिन्यातच विचारा. हजेरीचा रोज मोबाइलवर फोटो काढा, गेट पास जपून ठेवा. आज माझ्याकडे अशी एक वही आहे आणि तिच्या जोरावर दोन जखमी पोरांचे पैसे आम्ही मिळवले. त्या भाजलेल्या पोराच्या वेळी ती नव्हती. कामगार संघटनेत जा, तिथे बिहारी मजूर आणि आदिवासी आपले सोबती आहेत हे विसरू नका. आणि त्या संघटनेत जातीचा प्रश्न मांडायला लाजू नका. पॅनलवर आपला माणूस का नाही, हा कामगारांचाच प्रश्न आहे. 1936 साली बाबासाहेबांनी पक्ष काढला त्याचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष होते, हे ज्यांना अवघड जाते त्यांना आठवण करून द्या.

माझे वडील आता थकले आहेत. परवा विचारत होते, "तुमच्या तिथं भट्टीवर रात्री कोण असतं?" मी म्हणालो, "आपलीच पोरं, दादा." "आन् त्या काचेमागं?" मी काही बोललो नाही.

येत्या 14 एप्रिलला तुमच्या गावात जयंतीचा कार्यक्रम ठरवाल, तेव्हा त्या काचेमागे आपला माणूस कधी बसणार, हा विषय ठेवा.

जय भीम!